एक न लिहिलेलें पत्र

दुपारच्या चहानंतर आमचा नातू आम्हांस परदेशची कांहीं माहिती वाचून दाखवितो, असा घरचा परिपाठ आहे. परवां त्यानें आइसलंडमधील गुन्हेगारीचा विषय काढला. चार लाखांहून कमी वस्तीचा हा देश. आपल्याकडील एखाद्या तालुक्याएवढा. बहुतेक वर्षीं तेथें होणारे खून हाताच्या बोटांवर मोजतां येतात. शिकारीच्या बंदुका पुष्कळांच्या घरीं असतात. परंतु गस्तीचा शिपाई कमरेस पिस्तूल लावीत नाहीं.

इ. स. ९३० च्या सुमारास तेथें ‘अल्थिंग’ नांवाची सभा भरूं लागली, तेव्हां कायदा लिहिलेला नव्हता. एक नियुक्त पुरुष तो मुखोद्गत ठेवी, व दरसाल तिसरा हिस्सा याप्रमाणें तीन वर्षांत सर्व म्हणून दाखवी. आमच्या घनपाठ्यांस हा भाऊबंदच वाटेल!

तथापि स्वर्ग तेथेंही नाहीं. २००८ सालीं तेथील तीन मोठ्या बँका बुडाल्या. पुढें खटले होऊन त्यांचे बडे अधिकारीही तुरुंगांत गेले. २०२४ सालीं खुनांची संख्या वाढली. राजधानींतील उत्सवाच्या रात्रीं चाकूचे घाव लागलेली एक सतरा वर्षांची मुलगी दगावली, आणि सारा देश हळहळला.

परंतु आमच्या मनास लागली ती २०१३ सालची हकीकत. त्या डिसेंबरांत पोलिसांवर बंदूक झाडणारा एक मनुष्य पोलिसांच्या गोळीनें मेला. १९४४ मध्यें प्रजासत्ताक स्थापन झाल्यापासून असें प्रथमच घडलें. पोलिसांवर गोळ्या झाडणारा तोच; तरीही पोलिसप्रमुखांनीं खेद प्रकट केला व त्याच्या आप्तांस सहानुभूति कळविली.

हें ऐकून आम्ही अस्वस्थ झालों. चाळीस वर्षांपूर्वीं वर्गांत आमचें फाउंटनपेन नाहींसें झालें, तेव्हां एका गरीब मुलास आम्ही सर्वांदेखत चोर म्हटलें. आठ दिवसांनीं तें आमच्याच कोटाच्या अस्तरांत सांपडलें. आम्ही तें मुकाट्यानें खिशास लावलें. मुलाशीं एक शब्दही बोललों नाहीं. पुढील वर्षीं तो शाळेंत आला नाहीं.

वाचकहो, असले गुन्हे कोणत्याच देशाच्या नोंदींत चढत नाहींत. त्याचा पत्ता नातवानें शोधून दिला आहे. कागद पुढें घेऊन बसलों आहों, मायन्यांतच अडलों. ‘चिरंजीव’ म्हणण्याचा अधिकार आम्हांस उरला आहे काय?