देवाला जाब विचारणाऱ्या पोरीस

अहिल्यानगर (आपल्या तोंडी अजून नगरच)
रविवार, उपासनेनंतर

प्रिय पोरी,



तुझं पत्र मिळालं. जावईबापूंचा उजवा हात अजून उचलत नाही, बोलताना जीभ जड होते, दवाखान्याचं बिल भागवता भागवता विहिरीकडचा तुकडा गहाण पडला, हे सगळं तू सरळ लिहिलंस. शेवटी मात्र एक ओळ लिहून खोडलीस. शाई पातळ होती म्हणून मला वाचता आली. देव संकटात जवळ असतो म्हणतात, मग मला कसा दिसत नाही? पोरी, खोडायचं काही कारण नव्हतं.

भेटायला येणाऱ्या बायका 'यातही देवाची योजना असेल' म्हणतात आणि चहा पिऊन जातात, हे वाचून मला संताप आला. योजना असेलही, पण ती आपल्याला उमगली असल्याचा आव कुणी आणू नये. शास्त्रातल्या ईयोबाचे मित्र बघ. सात दिवस नि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून होते, तोवर त्यांचं सगळं ठीक चाललं होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. शेवटी देव रागावला तो त्या शहाण्यांवर. तोंडाला येईल ते बोलणाऱ्या ईयोबाची बाजू त्यानं खरी धरली.

रात्री झोप लागत नाही म्हणतेस, तर ८८वं स्तोत्र काढ. हेमान एज्राही नावाच्या माणसाचं आहे. बाकीच्या रडगाण्यांत शेवटी कुठेतरी धीर येतो, याच्यात येत नाही. अंधारातच संपतं. आपल्या उपासनेत ते वाचलेलं मी क्वचितच ऐकलंय, पाळकांना अवघड जात असावं. पण शास्त्रात ते ठेवणाऱ्यांनी त्याला गोड शेपूट जोडलं नाही, याचा मला मोठा आधार वाटतो. माणूस कडू बोलतोय, पण बोलतोय देवाशीच. वधस्तंभावर प्रभूनंही बापाला जाब विचारलाच होता.

आपल्याकडे विश्वासाचा विषय निघाला की रेव्हरंड टिळकांच्या कविता पुढे येतात. मला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई जास्त जवळच्या वाटतात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा ही बाई ऐन पंचविशीत होती, मुलगा दत्तू लहान. नवरा जिवंत आणि संसार मोडलेला. पुढची काही वर्षं नातेवाइकांच्या आधारानं काढली, लोकांची बोलणी खाल्ली. मग नगरला नवऱ्याकडे आली तीसुद्धा लगेच ख्रिस्ती व्हायला नाही. आपलं सोवळंओवळं बरोबर घेऊनच आली. तिचं मन तिच्या चालीनं वळलं आणि १९०० मध्ये तिनं बाप्तिस्मा घेतला. त्यात आकाशवाणी नाही, डोळे दिपवणारा उजेड नाही. पुढे १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' छापून येऊ लागली. ती वाचताना माणूस पानोपानी हसतो. टिळकांचा तापटपणा, हातात पैसा न टिकणं, सगळं ती सांगते. देवानं अमुक दुःख तमुक कारणासाठी दिलं, असा ताळेबंद तिनं मांडल्याचं मला तरी आठवत नाही. ती जगली, हसली आणि लिहीत राहिली.

तो काळ नगरला कसा होता माहीत आहे? १८९९-१९००चा दुष्काळ आणि त्यात प्लेग. मिशनच्या आवारात पोरकी पोरं येऊन पडत होती, टिळकांच्या घरातही होती. मिशनच्या ह्यूम साहेबांना दुष्काळातल्या कामाबद्दल सरकारनं कैसर-ए-हिंद पदक दिलं, पण मला ते पदक फारसं मोलाचं वाटत नाही. उपाशी पोराला भाकरी देणारा हात मोलाचा. आणि इथेच लोक आपल्याला टोमणा मारतात, 'पोटासाठी बाटले.' लहानपणी शाळेत ऐकला की मी गोरीमोरी व्हायचे. आता होत नाही. आपल्या गावकुसाबाहेरच्या माणसांपाशी देव भाकरी घेऊन आला असेल, तर त्यात लाजायचं कुणी? प्रभूनंही प्रार्थनेत रोजची भाकर मागायला शिकवलीच की.

बाहत्तरच्या दुष्काळात तुझी आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस. बोटांना चिंध्या बांधून सकाळीच निघायची. दुपारी सुकडी मिळायची, ती स्वतः न खाता आमच्यासाठी पदराला बांधून आणायची. घरी लाल मिलोची भाकरी. पीठ इतकं भुसभुशीत, की थापताना तव्यावर जायच्या आधीच मोडायची, मग त्याच तुकड्यांना ती पाण्याचा हात लावून जोडत बसायची. कामावर निघण्याआधी तोंडावर पदर घेऊन प्रार्थना करायची. मी कान देऊन ऐकलंय. ती म्हणायची, 'बापा, आज पाऊस धाड, नाहीतर उद्यापासून मी तुझ्याशी बोलायची नाही.' पाऊस काही आला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे बया परत त्याच्याशी बोलत बसलेली. पुन्हा तीच धमकी.

मी या वयात विश्वासाचा जेवढा अर्थ काढलाय तो एवढाच: रुसायचं, पण बोलणं तोडायचं नाही. 'स्तुती करा, आनंद माना' असं तुला कोणी म्हणालं तर मान हलव आणि आत जाऊन मनात असेल ते बोल. आजीला कोणी कधी आनंदी हो म्हणालं नाही, आणि म्हणालं असतं तर तिनं हातातली हातोडी त्याच्याच हाती दिली असती.

फादर बाकर तुला आठवत असतील. मूळचे स्वित्झर्लंडचे, येशूसंघी. म्हणजे आपल्या चर्चचे नव्हेत, पण नगर जिल्ह्यात पाण्याचं नाव निघालं की त्यांचं नाव निघतंच. १९९३ मध्ये त्यांनी 'वॉटर' ही संस्था उभी केली. संगमनेरकडच्या दरेवाडीसारख्या गावांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खणले, कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली. सह्याद्रीच्या पावसाळी बाजूला आपण नाही, पडतो तो तेवढाच पडतो. तोच अडवला, जिरवला. पाळकसाहेब असते तर त्यांनी यातून प्रवचन काढलं असतं. मी काढत नाही. तुला एवढंच विचारते, की घरात आहे ते वाया कुठून चाललंय? रात्रभर जागतेस, एकटीच उचलतेस, एकटीच आंघोळ घालतेस. मंडळीतल्या तरण्या पोरांना सांग की सकाळी येऊन जावईबापूंना उठवून बसवा. बायकांचा चहा बंद कर आणि त्यांना दुपारी दोन तास जावईबापूंजवळ बसव, तेवढ्यात तू झोप. प्रार्थना करायची असेल तर बसल्याबसल्या करतील. सल्ला द्यायला लागल्या तर ईयोबाच्या मित्रांची गोष्ट सांग.

गुरुवारच्या एसटीनं मी येते. भाकरीचं पीठ आणि लसणाची चटणी घेऊन येईन, डाळ तुझ्याकडे असेल. गहाणखताचे कागद काढून ठेव. व्याज किती आकारलंय ते मला बघायचंय. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या पोराला महिन्याचे किती देता तेही लिहून ठेव, लाजू नकोस. माझ्या पेन्शनीत तेवढं बसतं.

तुझी,
आत्या