उरल्यात उरलेली कॉफी

सध्या उरल्यात राहतो असं सांगितलं की गावाकडचे विचारतात, "काय उरला?" रायपूरच्या उत्तरेची ही औद्योगिक वस्ती. शेजारी सिलतरा. स्पंज आयर्नचे कारखाने, रोलिंग मिल, ट्रकांच्या रांगा. सकाळी झाडलेल्या ओसरीवर दुपारी बोट फिरवलं तर ते काळं होतं. बायकोचा मावसभाऊ इथल्या एका रोलिंग मिलमध्ये आहे, म्हणून क्वार्टर मिळेपर्यंत आम्ही त्याच्या शेजारी भाड्याने राहतो.

अशा हवेत रविवारी आमच्या घरातून कॉफी भाजल्याचा वास निघतो. पद्धत साधी आहे. जाड लोखंडी कढई, त्यात अर्धा किलो हिरव्या बिया, आणि हात क्षणभरही न थांबवता ढवळत राहायचं. बी आधी पिवळं पडतं, मग दालचिनीच्या रंगावर येतं. साधारण दोनशे अंशांना ते तडतडायला लागतं आणि साल सुटून उडतं. तडतड ओसरली की कढई उतरवायची, बिया सुपात ओतायच्या आणि पाखडायच्या. पाखडणं आईकडे, कारण आमचं पाखडणं तिला पसंत नाही. अर्धा किलोचे सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास उरतात. बाकीचं बहुतेक पाणी, ते वाफ होऊन जातं.

कढई कधी उतरवायची हे मेहुणा सांगतो. भट्टीतला पोलादाचा बिलेट अकराशे अंशांच्या वर तापला की नाही, हे तो नुसत्या रंगावरून ओळखतो. बियांकडे बघून तो म्हणतो, "जिजाजी, आता." त्याचं 'आता' आजवर चुकलेलं नाही.

ही विद्या मला एका उस्तादांनी दिली. ते कुर्गचे, म्हणजे करिअप्पा आणि थिमय्यांच्या जिल्ह्यातले. तिथे घरटी एक फौजी आणि परसात कॉफी, असं ते म्हणायचे. काश्मीरमधल्या एका पोस्टवर आम्ही दोन हिवाळे एकत्र काढले. सुट्टीहून येताना त्यांच्या काळ्या पेटीत हिरव्या बियांची पिशवी असायची. लंगरच्या स्टोव्हवर ते बिया भाजत आणि खलबत्त्यात कुटत. मग ज्याची गस्त संपली असेल त्याला पहिला मग. गढवाली, बिहारी, तेलुगू, मी वऱ्हाडी, सगळ्यांच्या वाट्याला पाव पाव मग यायचा. कुणीतरी एकदा म्हणालं, "उस्ताद, थोडी बचाके रखो." ते हसून म्हणाले, "कच्चा दाना साल भर रुकता है. भुना हुआ नहीं रुकता. बाँटो."

हे अगदी खरं आहे. भाजलेलं बी पहिले एक-दोन दिवस आतला वायू सोडतं, मग छान लागतं, आणि दोन-तीन आठवड्यांत त्याचा दम जातो. डबा कितीही घट्ट लावा. म्हणून घरी भाजणाऱ्याला कंजूष राहता येत नाही. माजी सैनिक वाचकांना वेगळं सांगायला नको, आपल्या मैत्रीचंही असंच असतं. दोन-तीन वर्षं एका ताटात जेवायचं, मग एक पोस्टिंग ऑर्डर येते आणि माणसं चार दिशांना जातात.

निवृत्त झाल्यावर उस्ताद दरवर्षी तोडणीनंतर पाच किलो बिया पार्सल करायचे. मी भाजून पाव किलो परत पाठवायचो. कॉफीच्या जिल्ह्यात कॉफी पाठवणारा वेडा म्हणून युनिटमध्ये माझी थट्टा व्हायची. दोन वर्षांपूर्वी आजारपणात उस्ताद गेले. त्या वर्षी पार्सल येणार नाही असं धरून चाललो होतो. ते आलं, पत्ता वहिनींच्या अक्षरात. पाकीट पोचल्यावर त्यांनी फोन केला, "घरी तेच भाजायचे. ते गेल्यापासून वास नव्हता. आज आला."

यंदाच्या पार्सलमध्ये चिठ्ठी होती. मुलगा त्यांना म्हैसूरला नेतोय, मळा खंडाने दिलाय, यापुढे बिया येणार नाहीत.

पाचातले तीन किलो आता शिल्लक आहेत. बायको म्हणाली, "आता जपून काढा. महिन्याला मूठभर, फक्त आपल्यापुरतं." मन तिकडेच ओढत होतं. पण मूठ मूठ काढून जे जपलं जाईल ते उस्तादांचं नसेल. त्यांचं होतं ते वाटणं. म्हणून वाटप पूर्वीसारखंच सुरू आहे. मेहुण्याच्या रात्रपाळीच्या सोबत्यांना थर्मास भरून. घरमालकीण दाईंना एक कप. पहिल्या घोटाला त्या म्हणाल्या होत्या, "अब्बड करू हे", फार कडू आहे. आता कप परत येतो तो ठेठरीच्या वाटीसोबत. आईला जायफळ घालून, कारण जायफळाशिवाय कॉफी म्हणजे तिच्या मते काढा. अमरावतीला बहिणीकडे एक पाकीट. तिच्या घरी चिखलदऱ्याची कॉफी असते, त्यामुळे तिथे तुलना आणि भांडण दोन्ही होतं.

तीन किलो म्हणजे सहा घाणे. पाच वाटायचे. सहावा अख्खा म्हैसूरला जाईल. शहरातल्या नव्या घरात डबा उघडल्यावर वहिनींना जे वाटेल ते त्यांचं.

आणि पुढच्या वर्षासाठी मी दरभ्याच्या कॉफीची चौकशी लावली आहे. बस्तरमधलं हे नाव आपण २५ मे २०१३ च्या झीरम घाटीच्या हल्ल्यामुळे ऐकलेलं. जगदलपूरच्या उद्यानविद्या महाविद्यालयाच्या पुढाकाराने आता त्याच भागात कॉफी पिकते. हिरव्या बिया मिळाल्या तर पहिला घाणा तिकडे ड्यूटी करून आलेल्या जवानांना. पाव पाव मग, पण सगळ्यांना.