ऱ्हाईनची पट्टी आणि माझी विहीर



२०१८ साली पुतण्या युरोपात ऱ्हाईन नदीवरच्या प्रवासी बोटीत किचनला होता. पहाटे पाचला उठून पाहुण्यांचा नाश्ता, झोपायची खोली खालच्या मजल्यावर, दोघांत एक. बोट रोज नव्या गावाला, पण याच्यासमोर कांद्याची टोपलीच.

ऑक्टोबरात फोन आला, "काका, आठे बी नदी आटनी."

जर्मनीत काऊब गावच्या पट्टीवर पाणी २५ सेंमीपर्यंत उतरलं होतं. (पट्टीचा शून्य तळाला नसतो, खोली त्याहून जास्त असते.) मालाच्या बोटी कमी भरून चालत. यांची बोट थांबली, पाहुणे बसने पुढे गेले. पगार थांबला तर भावाचं सोसायटीचं कर्ज कसं फिटणार, ही पोराला धास्ती. इकडे पारोळा तालुकाही दुष्काळी जाहीर झालेला.

तिथे पट्टी बघून बोट भरतात. मी मात्र विहीर न बघता दोन एकर गहू पेरला; ओंबी भरताना पाणी तुटलं.

आता दोरीला गाठी मारून दर पंधरा दिवसांनी पाणी मोजतो, वहीत लिहितो. यंदा गहू अर्धा एकर, बाकी हरभरा.

तुमच्या विहिरीत आज किती हात पाणी? कमेंटमध्ये सांगा.