दिवसा जळणारा दिवा

रस्त्याकडेच्या खांबावरचा दिवा अंधार पडताच लागावा आणि उजाडताच विझावा, यासाठी त्याच्या फेजच्या तारेत एक लहान स्वयंचलित स्विच बसवलेला असतो. दुकानात तो ‘डे-नाईट सेन्सर’ म्हणून मिळतो. जुन्या वायरमनच्या तोंडी अजून ‘फोटोसेल’ असते. मुठीत मावेल एवढा आकार, वर पारदर्शक किंवा दुधी टोपी, खाली तीन तारा. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत सुट्या दिव्यांना तोटा नाही. वस्तीच्या फाट्यावरचा, गोठ्यापुढचा, शेततळ्याच्या कडेचा, कारखान्याच्या वजनकाट्यावरचा असे हे दिवे. त्यांच्यासाठी रोज संध्याकाळी बटण दाबायला माणूस ठेवणे कुणालाच परवडत नाही.

हे काम टायमरही करतो, पण वर्षभर नीट करत नाही. बारामती साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनअखेर तिथे सूर्य सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास मावळतो, नोव्हेंबरअखेर सहाच्या आत. रात्र जूनमध्ये अकरा तासांहून थोडी कमी, तर डिसेंबरमध्ये तेरा तासांच्या जवळ. म्हणजे टायमर दर महिन्या-दीड महिन्याने सरकवायला हवा, आणि तो सरकवला जात नाही. त्यातच वीज गेली की बॅटरी नसलेले जुने टायमर तेवढे मागे पडतात. सेन्सरला या सगळ्याशी देणेघेणे नसते. त्याला फक्त आकाशातला उजेड कळतो.

उजेड ओळखणारा भाग बहुतेक स्वस्त सेन्सरांमध्ये कॅडमियम सल्फाइडची एक चकती असते. तिच्यावर नागमोडी रेघ दिसते. अंधारात तिचा विद्युतरोध लाखो ओहमपर्यंत चढतो, उजेडात काही हजारांवर किंवा त्याहूनही खाली येतो. या फरकावर एक रिले चालतो आणि रिलेचे संपर्कबिंदू, म्हणजे कॉन्टॅक्ट, दिव्याची फेज जोडतात किंवा तोडतात. दिवा लागतो तो साधारण दहा लक्सच्या आसपास, पण विझायला त्याहून बराच जास्त उजेड लागतो. हे अंतर मुद्दाम ठेवलेले असते. नाहीतर सांजवेळी एखादा ढग सरकला तरी दिवा लाग-विझ करू लागेल. शिवाय काही सेकंद ते मिनिटभराचा विलंब असतो, म्हणून वीज चमकली किंवा उसाच्या ट्रॅक्टरचा हेडलाइट टोपीवर पडला तरी दिवा विझत नाही.

बिघाड झाला की सगळे बोट या चकतीकडे दाखवतात. प्रत्यक्षात ती सहसा रिलेच्या नंतर मरते. रिले आधी जातो, आणि तो जाण्याची रीत ठरलेली आहे: कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटतात आणि दिवा दिवसरात्र जळत राहतो. कित्येक सेन्सरांची रचनाच अशी असते की बिघाड झाला तर दिवा लागलेला राहावा, कारण रस्ता अंधारात जाण्यापेक्षा ते बरे. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच आहे, पण त्याचा एक परिणाम फारसा कुणी ध्यानात घेत नाही. बंद दिव्याची तक्रार त्याच रात्री येते. दिवसा जळणाऱ्या दिव्याची कधीच येत नाही. ४५ वॉटचा एलईडी दिवा दिवसाचे बारा तास फुकट जळला तर रोज अर्ध्या युनिटहून थोडे जास्त, महिन्याला सोळा युनिटे जातात. जुना २५० वॉटचा सोडियम दिवा असेल तर रोजची तीन युनिटे. आणि दिव्याचे आयुष्य निम्म्यावर येते ते वेगळेच.

एलईडी आल्यावर कॉन्टॅक्ट चिकटण्याचे प्रमाण कमी होईल, असा समज होता. केंद्र सरकारने जानेवारी २०१५ मध्ये पथदिव्यांसाठी राष्ट्रीय एलईडी कार्यक्रम सुरू केला आणि पुढच्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या अनेक गावांतले सोडियमचे पिवळे दिवे उतरले. वॉट कमी झाले, सेन्सर मात्र पुष्कळ ठिकाणी तेच राहिले. एलईडीच्या ड्रायव्हरमध्ये कपॅसिटर असतो. दिवा लागण्याच्या क्षणी तो रिकामा असल्याने क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढून घेतो. हा झटका रोज संध्याकाळी त्याच कॉन्टॅक्टवर बसतो. म्हणून दहा अँपिअरचा सेन्सर कागदावर दहा-बारा दिवे सहज पेलत असला, तरी त्याच्यावर एकच दिवा द्यावा. ओळीने दिवे असतील तर सेन्सरने फक्त कॉन्टॅक्टर या मोठ्या स्विचची कॉइल चालवावी आणि दिव्यांचा भार कॉन्टॅक्टरवर टाकावा. हा खर्च टाळायला बघणारा माणूस दर पावसाळ्यानंतर सेन्सर विकत घेतो.

बदलण्याआधी लक्षण वाचावे लागते. दिवा दिवसरात्र चालू असेल तर कॉन्टॅक्ट चिकटले असावेत, किंवा टोपी इतकी मळली असावी की आत उजेडच पोचत नाही. दोन्हींतला फरक ओल्या फडक्याने कळतो. गळीत हंगामात भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर अशा कारखान्यांच्या परिसरात चिमणीतून उडणारी काजळी टोपीवर बसते, दवाने चिकटते आणि तिचा थर होतो. पुसल्यावर दिवा विझला, तर नवा सेन्सर आणायचे कारण नाही. मात्र टोपीचे प्लास्टिक उन्हाने पिवळे पडून आतून तडकले असेल, तर पुसून काही साधत नाही.

दिवा अंधारातच ठरावीक अंतराने लागत-विझत असेल तर सेन्सर बहुधा निर्दोष असतो. दिव्याचा स्वतःचा उजेड ब्रॅकेटवरून, पांढऱ्या भिंतीवरून किंवा वाढलेल्या फांदीवरून उसळून टोपीवर पडतो. सेन्सरला सकाळ झाली असे वाटते, तो दिवा विझवतो, पुन्हा अंधार, पुन्हा दिवा. असा सेन्सर कितीदाही बदलला तरी नवा तेच करणार. जागा बदलावी किंवा फांदी छाटावी. बंद असतानाही एलईडी मंद मिणमिणत असेल, तर रिलेऐवजी इलेक्ट्रॉनिक स्विच असलेल्या सेन्सरमधून थोडा प्रवाह पाझरत असतो, किंवा सेन्सर फेजऐवजी न्यूट्रल तोडत असतो. दुसरी शक्यता धोक्याची आहे: दिवा विझलेला दिसतो, पण आत फेज पोचलेलीच असते.

या कामातला खरा धोका त्याच जातीचा आहे. गावातल्या खांबांवर पथदिव्यांसाठी वेगळी तार ओढलेली असते. जुन्या व्यवस्थेत ती संध्याकाळी डीपीजवळून चालू केली जाई आणि सकाळी बंद. त्यामुळे दिवसा ही तार मेलेली असते, अशी वायरमनच्या हाताला सवय आहे. जिथे प्रत्येक खांबावर सेन्सर आहे, तिथे ती तार चोवीस तास जिवंत असते. दिवा विझलेला असण्याचा तारेशी काही संबंध उरत नाही. उलट जिथे अजून डीपीवरूनच तार चालू होते, तिथे दुपारी सुरू केलेले काम लांबले की संध्याकाळी दुसऱ्या टोकाचा माणूस नेहमीच्या वेळी स्विच टाकतो. म्हणून फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, एमसीबी असेल तर ती पाडून चिठ्ठी चिकटवायची, आणि तरीही टेस्ट लॅम्पने तपासायचे. लोखंडी खांबाला हात लावण्याआधी खांबही तपासायचा, पावसाळ्यात तर हटकून. महावितरणच्या खांबावर त्यांच्या परवानगीशिवाय कुणीही चढायचे नसते. हे वाक्य सगळ्यांना पाठ असते आणि सर्रास मोडले जाते.

सप्लाय तुटला की जुना सेन्सर उतरवणे सोपे. तारा कापण्याआधी कुठली कुठे होती याचा मोबाइलवर फोटो घ्यावा. इथेच नवशिके चुकतात. घरातल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज आणि काळी म्हणजे न्यूट्रल. बाजारातल्या बहुतेक तीन तारांच्या सेन्सरांवर मात्र काळी तार येणाऱ्या फेजची असते, पांढरी न्यूट्रलची, आणि लाल दिव्याकडे जाणाऱ्या फेजची. हाताच्या सवयीने लाल तार फेजला आणि काळी न्यूट्रलला जोडली, की नवाकोरा सेन्सर पहिल्याच संध्याकाळी जळतो आणि दोष कंपनीला लागतो. सगळ्या कंपन्यांचे रंग सारखे नसतात, तेव्हा डबीवरचे चित्र पाहिल्याशिवाय एकही तार सोलू नये. न्यूट्रलची पांढरी तार सेन्सर आणि दिवा या दोघांना मिळून असते. ती ढिली राहिली तर सेन्सर चालत नाही आणि शोध भलतीकडेच सुरू होतो. जोड पीव्हीसी टेपवर सोडू नयेत. उन्हाने टेपचा गोंद सुटतो. कनेक्टर वापरावा आणि जोड जंक्शन बॉक्समध्ये ठेवावा. बॉक्सचे भोक बुजवायचे विसरले तर आत गांधीलमाश्या घर करतात किंवा पाल शिरते, आणि पालीने केलेला शॉर्ट सापडायला अर्धा दिवस जातो. बॉक्समध्ये शिरण्याआधी तारेला खाली झोल द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी झोलाच्या तळाशी गळून पडते.

टोपी कुठे तोंड करून बसवावी यावर वाद घालणारे कमी, पण फरक पडतो. पश्चिमेकडे तोंड असेल तर मावळतीचा उजेड तिला उशिरापर्यंत दिसतो आणि दिवा उशिरा लागतो. पूर्वेकडे असेल तर संध्याकाळी दिवा लवकर लागतो आणि सकाळी लवकर विझतो. आपल्या गोलार्धात उत्तर बरी, कारण तिकडचा उजेड बराचसा सारखा असतो आणि थेट ऊन कमी लागते. बारामतीच्या अक्षांशावर याला अपवाद आहे: मेच्या दुसऱ्या आठवड्यानंतर जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्यच डोक्याच्या उत्तरेला असतो. तेवढे अडीच महिने उत्तरमुखी टोपीलाही ऊन सोसावे लागते. बाकी वर्षभर ती सुखात असते.

मग चाचणी. सप्लाय दिला की अनेक सेन्सर भर दुपारीही दिवा लावतात आणि मिनिटभरात विझवतात. हा बिघाड नव्हे, त्यांची सुरुवातच तशी असते. विझल्यावर टोपी झाकून पाहायची. तळहात पुरत नाही, दुपारचे ऊन बोटांच्या फटींतून आत जाते. काळी टेप किंवा जाड कापडाची पिशवी घालून पूर्ण मिनिटभर थांबायचे. दिवा लागला, झाकण काढले, थोड्या वेळाने विझला, की काम झाले. दहा सेकंदांत काही घडले नाही म्हणून पुन्हा वायरिंग उघडणारे लोक याच टप्प्यावर चांगला सेन्सर बिघडवतात. नंतर जंक्शन बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख लिहून ठेवावी. पुढच्या बिघाडाच्या वेळी सेन्सर किती टिकला हे तिथेच कळते, आणि तो दरवर्षी जात असेल तर दोष भारात किंवा जागेत आहे हे उघड होते.

भरदिवसा जळणारा दिवा दिसला, तर खांबाचा क्रमांक पाहून ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत कळवावा. खांबावर स्वतः चढू नये.