बांगड्या चढल्या नाहीत तेव्हा

बाळंतपण म्हणजे बायकांचं काम, ही आमच्या घरातली पक्की समजूत. म्हणून हे लिहायला आम्ही बरीच वर्षं घेतली.

फेब्रुवारी २०१८ ची गोष्ट. आमचं घर तासगावचं, हिचं माहेर सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यातलं. पहिली खेप. सातव्या महिन्यात माहेरी डोहाळजेवण ठरलं. कासारमावशी आल्या, पण हिरव्या बांगड्या काही केल्या हातावर चढेनात. नेहमीच्या मापाच्या दोन फुटल्या. मावशींनी हिच्या मनगटावर अंगठा दाबला तर खळी पडली, ती लवकर भरेचना. "पोरी, ही सूज काय बरी न्हाय. दवाखान्यात दाखीव," त्या म्हणाल्या. आम्ही हसलो. गरोदरपणात पाय सुजतातच, हात सुजले तर काय? हिच्या आईंनी मीठ बंद करायला सांगितलं.

खरं म्हणजे कागद घरातच होता. पंधरा दिवसांपूर्वीच्या कार्डावर रक्तदाब १४६/९४ लिहिला होता, आणि नर्सताईंनी आठ दिवसांनी परत बोलावलं होतं. कार्यक्रमाच्या गडबडीत ते राहून गेलं. 'राहून गेलं' हा शब्द सोपा आहे. आम्ही गेलो नाही.

तिसऱ्या रात्री हिचं डोकं फुटायला लागलं. सुंठीचा लेप लावला. पहाटे डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, बरगडीखाली कळ आली. आशाताईंनी १०८ ची गाडी बोलावली. आम्ही तासगावहून निघालो, कराडला एस.टी. बदलली आणि साताऱ्याला पोचलो तेव्हा हिचा दाब १७०/११२ होता, लघवीतून प्रथिनं जात होती. एकतीसावा आठवडा.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. या आजारात वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या हव्या तशा रुंदावत नाहीत. त्याचे परिणाम आईच्या मूत्रपिंडावर, यकृतावर, मेंदूवर होतात. मीठ तोडून तो बरा होत नाही. बाळ आणि वार बाहेर येणं हाच खरा उपाय. पण बाळाची फुप्फुसं कच्ची, म्हणून ती पिकण्यासाठी २४ तासांच्या अंतराने स्टिरॉइडची दोन इंजेक्शनं. आकडी येऊ नये म्हणून मॅग्नेशियम सल्फेट. ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांवर झालेल्या चाचणीत, २००२ साली, या स्वस्त औषधाने आकडीचा धोका निम्म्याहून कमी होतो हे दिसलं होतं. ते अंगात शिरताना आग होते. ही ओरडली, "मला जाळतायत का?" मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो, म्हणून सिस्टर वरचेवर गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का बघत. तो पाय उडला की आमचा जीव भांड्यात पडे.

तिसऱ्या दिवशी सिझेरियन झालं. मुलगी, १२८० ग्रॅम. काचेच्या पेटीत, नाकातून नळी, एका वेळी दोन मिली दूध. आमच्याकडची एक वडीलधारी म्हणाली, हिने पपई खाल्ली असेल. ही भिंतीकडे तोंड करून पडली. तेव्हा मात्र आम्ही कार्ड काढून सगळ्यांपुढे ठेवलं, चूक कुणाची ते वाचा म्हणून.

पुढे सिस्टरनी आमचा सदरा काढायला लावून मुलीला छातीवर बांधलं. कांगारूसारखं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटात सुरू झालेली ही रीत. पुरुष वॉर्डात उघडा बसलाय म्हणून बाकीचे टकमक बघत. चिमणीएवढं काळीज आमच्या बरगड्यांवर धडधडत होतं, लोकांकडे बघतो कोण!

ही सूतगिरणीत कामाला होती. २६ आठवड्यांच्या रजेतला पहिला महिना पेटीजवळच गेला. ती रजाही नसती तर? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात प्रसूतिलाभाच्या विधेयकाची बाजू मांडली होती, ते आम्हाला त्या बाकावर आठवलं.

सत्ताविसाव्या दिवशी सुट्टी मिळाली. दुसऱ्याच दिवशी मुलीला छातीशी बांधून सांगलीला नेलं. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा ३० दिवसांच्या आत तपासावा लागतो. पडदा ठीक निघाला. हिच्या गोळ्या मात्र आणखी काही आठवडे चालल्या, कारण बाळंतपणानंतरही आकडी येऊ शकते. पुढेही दाबाचा त्रास उद्भवू शकतो, म्हणून आम्ही दर वर्षी तपासतो.

वर्षाने कासारमावशी पुन्हा आल्या. लेकीच्या हातात बांगड्या भरता भरता म्हणाल्या, "मी सांगितलं तवाच गेला हुता न्हवं?"

आम्ही बांगड्यांचे पैसे मोजत राहिलो.