धुराची नोकरी

मोटार आणि माणूस यांच्यात एक मोठे साम्य आहे. दोघांचीही बरीचशी कमाई धुरात जाते. पगारदाराची दर महिन्याला एक ते दहा तारखेच्या दरम्यान, मोटारीची क्षणोक्षणी. पेट्रोलमधल्या शक्तीचा साधारण तिसरा हिस्सा मागच्या नळीतून नुसता गरम धूर होऊन निघून जातो. मी पडलो बी. कॉम., त्यातून बँकेतला कारकून. शंभरातले तेहतीस रुपये खिडकीबाहेर फेकणारा खातेदार आला, तर आम्ही त्याला कर्ज सोडाच, दोरीला बांधलेले पेनसुद्धा देणार नाही.

पण हा फेकलेला पैसा वेचणारे इंजिन निघाले आहे. फ्रान्समध्ये ल मान् या गावी चोवीस तासांची मोटारशर्यत होते. २०१४ पासून तिथे वरच्या वर्गातल्या गाड्यांना प्रत्येक फेरीला इंधन मोजून मिळू लागले. म्हणजे थोडक्यात रेशनकार्डच! पोर्शे कंपनीने मग ‘९१९ हायब्रिड’ या गाडीत दोन लिटरचे, अवघ्या चार सिलिंडरांचे इंजिन बसवले. चार सिलिंडर काय, जेजुरीला जाणाऱ्या जीपलाही असतात! पण याची ताकद सुमारे पाचशे घोड्यांची. २०१५, २०१६ आणि २०१७ अशी सलग तीन वर्षे या गाडीने ल मान् जिंकले.

ही करामत टर्बोची. बाहेर पडणारा धूर एका चिमुकल्या चक्रावर सोडतात. ते मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेते. त्याच दांड्यावर पलीकडे दुसरे चक्र असते, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त जळते, त्यामुळे धूर जोरात, म्हणून पुन्हा हवा जास्त. आमच्या भाषेत चक्रवाढ व्याज! व्याजाच्या भाराने मुद्दलच फुटू नये म्हणून जादा धूर सोडून देणारी झडप असते. खोड एकच. पाय दाबल्यावर टर्बो जागा व्हायला क्षणभर लागतो. कर्जाचा अर्ज आणि मंजुरी यांत असते तेच हे अंतर. इथे ते सेकंदात मोजतात, एवढाच फरक.

आमच्या काउंटरवर इंदापूरकडचे एक बागायतदार आबा येतात. पासबुक छापून होईपर्यंत त्यांना मी हे सगळे ऐकवले. आबा म्हणाले, “मंजी चिपाडच की, सायेब!”

मी थक्क झालो. खरेच की! माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर या भागात कारखान्याच्या चिमणीकडे पाहत आमचा जन्म गेला. उसाच्या वजनाच्या पाव हिश्श्याहून जास्त चिपाड निघते. तेच बॉयलरमध्ये जाळायचे, त्या वाफेवर पुढचा ऊस गाळायचा, आणि उरलेल्या वाफेची वीज करून विकायची. पोर्शेनेही त्या धुरावर आणखी एक चक्र बसवले होते, निव्वळ वीज करायला. ती वीज पुढची चाके फिरवी. म्हणजे जर्मनांनी गाडीत साखर कारखानाच घातला म्हणायचा, फक्त साखर तेवढी काढली नाही.

आबांचा चेहरा मात्र गंभीर झाला. “त्या धुराच्या कमाईचा हिशेब कोण ठेवतंय?”

“हिशेब कशाला? सगळी कमाई गाडीलाच परत मिळते.”

“आमच्या चिपाडाची वीज झाली, मळीचं स्पिरिट झालं. त्यातलं उसाच्या दरात किती आलं, हे इचारायला आमी दर साली सभेला जातो. उत्तर मिळंस्तवर जेवणाची घंटा हुती.”

२०१२ साली रंगराजन समितीने साखर आणि उपपदार्थ यांच्या किमतीतला सत्तर टक्के वाटा उसाला द्यावा, असे सुचवले होते. मी ते सांगितले. आबांनी पासबुकातली शेवटची ओळ चष्मा वर करून वाचली, पिशवीत टाकली आणि म्हणाले,

“त्या गाडीला वार्षिक सभा नसंल, सायेब. म्हणून येवढी पळती.”