मी आलो, मी आले

गेल्या आठवड्यात एकच वाक्य मी चार वेळा लिहिलं. परगावाहून आलेलं कुणीतरी पाटलांच्या ओसरीसमोर उभं राहतं आणि म्हणतं, ‘मी तुमच्याकडे कामासाठी आलो आहे.’ बोलणारी बाई असेल तर ‘आले आहे’. पाटलांचा मान राखायचा नसेल तर ‘तुमच्याकडे’च्या जागी ‘तुझ्याकडे’. दोन दुणे चार. यातलं कोणतं वाक्य पडद्यावर उमटायचं हे खेळणारा ठरवतो. त्याने ‘तुझ्याकडे’ निवडलं, तर ओसरीवर बसलेली बाकीची माणसं ते मनात ठेवतात, आणि तीन दिवसांनी विहिरीवर त्याच्या कळशीची पाळी लागते की नाही हे त्या एका शब्दावरून ठरतं.

मी रोल-प्लेइंग गेमसाठी, म्हणजे आरपीजीसाठी लिहिते. पुण्यात राहते, चौदा वर्षं हेच काम करते आहे. व्हिडिओ गेम म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे बंदुका येतात, म्हणून या प्रकाराबद्दल थोडं सांगायला हवं. याचा उगम पडद्यावरचा नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. टेबल, कागद, फासे आणि भोवती बसलेली मित्रमंडळी. प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचं, आणि एकाने सूत्रधार व्हायचं. ‘मी पहारेकऱ्याला लाच देतो’ असं कुणी म्हटलं की तो पहारेकरी काय करेल हे सूत्रधार तिथल्या तिथे ठरवतो. संगणकाला हे जमत नाही. पहारेकरी लाच घेईल, ओरडेल की रडेल, हे कुणीतरी आधीच लिहून ठेवावं लागतं. खेळणाऱ्याच्या मनात येऊ शकणाऱ्या गोष्टींची उत्तरं आधीच लिहून ठेवणं, हे माझं काम.

घरच्या संगणकावरची आरपीजी घरगुतीच जन्मली. टेक्सासमधल्या रिचर्ड गॅरियटने विशीही गाठायच्या आत ‘अकालाबेथ’ लिहिला, आणि तो काम करत होता त्याच संगणकाच्या दुकानात साध्या प्लॅस्टिकच्या झिपलॉक पिशव्यांत घालून विकायला ठेवला. १९८१ साली त्याचा ‘अल्टिमा’ आला. त्याच वर्षी अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या दोघांनी केलेला ‘विझर्डरी’ आला. हा प्रकार मोठ्या कंपन्यांनी घडवला आणि मग तो छोट्यांच्या हाती पडला असं अनेकांना वाटतं. घडलं ते उलट.

मग गेम देखणे झाले, आणि पात्रं बोलू लागली. माझ्या मते इथेच या प्रकाराचं एक मोठं नुकसान झालं. २००९ च्या ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’मध्ये तुमचं पात्र मुकं होतं. त्याची वाक्यं फक्त लिहिलेली असायची, त्यामुळे एका प्रश्नाला पाच-सहा तऱ्हांनी उत्तर देता यायचं. २०११ च्या दुसऱ्या भागात त्या पात्राला आवाज मिळाला आणि पर्याय आखडले. २०१५ च्या ‘फॉलआउट ४’मध्ये तर प्रत्येक वेळी चारच पर्याय. नायकाला आवाज आणि नायिकेलाही आवाज, म्हणजे प्रत्येक वाक्य दोनदा ध्वनिमुद्रित करायचं, ओठांची हालचाल जुळवायची, आणि परभाषांत पुन्हा पहिल्यापासून. जुन्या चाहत्यांनी या चार पर्यायांवर नाराजी व्यक्त केली. ‘फॉलआउट ४’ करणाऱ्या कंपनीच्याच २०२३ च्या ‘स्टारफील्ड’मध्ये नायक पुन्हा मुका होता.

हा हिशेब मी जवळून पाहिला आहे. पूर्वी मी नोकरी करत होते तिथे एका परदेशी गेमचं काम आलं होतं. एका खेड्यातल्या प्रसंगासाठी मी पंचेचाळीस उत्तरं लिहिली होती. ध्वनिमुद्रणाचं अंदाजपत्रक आलं आणि त्यातली नऊ उरली. उरलेली नऊ वाईट नव्हती. पण त्या खेड्यातली म्हातारी आता तुम्ही काहीही बोललात तरी एकच वाक्य बोलत होती, आणि ती माणूस राहिली नव्हती. लिहिलेला शब्द कागदाच्या भावाने मिळतो आणि बोललेला सिनेमाच्या भावाने. आरपीजीला तर शब्द पोत्याने लागतात.

छोट्या, स्वतंत्र डेव्हलपरांकडून मी जी आशा धरते तिचं मूळ या भावातल्या फरकात आहे. त्यांना इंडी म्हणतात. त्यांच्या गेममधली चित्रं साधी असतात, कधीकधी ओबडधोबड. आवाजावर खर्च करण्याइतके पैसेच नसतात. पण म्हणूनच त्यांना माझी पंचेचाळीसच्या पंचेचाळीस उत्तरं ठेवता येतात.

सिअ‍ॅटलचा जेफ व्होगेल १९९४ पासून स्पायडरवेब सॉफ्टवेअर ही छोटीशी घरगुती कंपनी चालवतो. त्याचा ‘एक्झाइल’ १९९५ चा. एक साम्राज्य आपल्याला नकोशी झालेली माणसं जमिनीखालच्या गुहांमध्ये कायमची ढकलून देतं, आणि तिथे त्या माणसांनी एक वेगळंच जग उभं केलेलं असतं. हाच गेम त्याने २००० साली ‘अ‍ॅव्हर्नम’ नावाने पुन्हा केला आणि २०११ साली तिसऱ्यांदा. त्याची चित्रं मला कधीच सुंदर वाटली नाहीत. पण सत्तेपुढे वाकायचं की तिच्याविरुद्ध उभं राहायचं, हा प्रश्न तो गेममागून गेम विचारत आला आहे आणि दोन्ही बाजूंना सारख्याच ताकदीची माणसं उभी करत आला आहे. मोठ्या कंपन्या बुडाल्या, विकल्या गेल्या. व्होगेल तीस वर्षं टिकला. कमी खर्च आणि ठरलेला वाचक. वाचकच म्हणते, कारण त्याचे गेम वाचावेच लागतात.

दुसरं उदाहरण ‘अंडरटेल’. टोबी फॉक्स या तरुणाने २०१३ साली लोकांकडे पाच हजार डॉलर मागितले, त्याला एक्कावन्न हजारांवर मिळाले. सप्टेंबर २०१५ मध्ये गेम आला. लेखन, संगीत, प्रोग्रामिंग बहुतेक त्याचं एकट्याचं. चित्रांत टेमी चँगची मदत. यात कुणालाही न मारता शेवटापर्यंत जाता येतं. समोर आलेल्या राक्षसाशी बोलायचं, त्याची समजूत घालायची, त्याला सोडून द्यायचं. पण या गेमची खरी करामत त्याच्या स्मरणात आहे. सुरुवातीला टोरिएल नावाची एक मायाळू बाई तुम्हाला जपते. तिच्याशी लढताना ती चुकून तुमच्या हातून मेली, तर कुणीही करेल तेच तुम्ही करता: गेम बंद करून आधीच्या टप्प्यावरून पुन्हा सुरू करता आणि या वेळी तिला वाचवता. पुढे एक फूल भेटतं आणि सांगतं, तू तिला मारलं होतंस, मग पस्तावून मागे आलास, हे मला ठाऊक आहे. मी पहिल्यांदा खेळले तेव्हा खुर्ची मागे सरकवून उठले होते. वर्षानुवर्षं खेळणारे ‘सेव्ह’ करून आपल्या कर्मातून सुटत आले होते. ती पळवाट एका मुलाने बंद केली. खर्च? थोडी नोंद ठेवणारा कोड आणि काही ओळी.

हे तंत्र समजून घेण्यासारखं आहे. नवखे लोक फांद्या लिहू लागतात. एका प्रसंगाला तीन पर्याय, त्या प्रत्येकाला पुढे तीन. पाचव्या पायरीवर २४३ शेवट होतात आणि लेखक थकून सोडून देतो. जाणता माणूस फांदी न वाढवता खूण करून ठेवतो: ‘या माणसाने पाटलांना अरे-तुरे केलं.’ कथा एकच राहते, पण पुढे दहा ठिकाणी ती खूण पाहून एखादं वाक्य बदलतं. खेळणाऱ्याला वाटतं, हे गाव मला ओळखतं.

तिसरं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. एस्टोनियात रॉबर्ट कुर्विट्झ आणि त्याचे मित्र टेबलावर फासे टाकून खेळता खेळता एक जग रचत गेले. त्या जगावर कुर्विट्झने २०१३ साली कादंबरी लिहिली, ती फारशी खपली नाही. मग या मंडळींनी, आधी एकही गेम केलेला नसताना, ‘डिस्को एलिझियम’ करायला घेतला. तो २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आला. दारू पिऊन स्वतःचं नावसुद्धा विसरलेला एक पोलीस खानावळीच्या खोलीत जागा होतो. मागच्या अंगणात झाडाला एक प्रेत लटकतं आहे. त्याच्या डोक्यातले चोवीस गुण, म्हणजे तर्क, सहानुभूती, अधिकार वगैरे, त्याच्याशी भांडतात, खोटंसुद्धा बोलतात. दहा लाखांहून अधिक शब्द. त्यातली मला सर्वांत प्रिय गोष्ट म्हणजे अपयशाचं लेखन. फासा हरला की मोठ्या गेममध्ये दार नुसतं बंद राहतं. इथे हरल्यावरचा प्रसंग जिंकल्याच्या प्रसंगाइतकाच, कधी जास्तच, मन लावून लिहिलेला आहे. सुरुवातीला यातला थोडाच मजकूर आवाजात होता. जवळपास सगळ्याला आवाज मिळाला तो २०२१ मध्ये, गेम गाजल्यानंतर. आधी शब्द पक्के, मग आवाज. मला हाच क्रम योग्य वाटतो. दुःखाची गोष्ट ही की कुर्विट्झ आणि मूळच्या आणखी काही जणांनी कंपनी सोडल्याचं २०२२ मध्ये बाहेर आलं, आणि पुढे वाद चिघळले. हक्काची कागदपत्रं मैत्रीच्या दिवसांतच करून घ्या, असं मी तेव्हापासून प्रत्येक नव्या गटाला सांगते.

छोटं असणं हाच गुण आहे असं मात्र मी म्हणणार नाही. आरपीजी हा छोट्या गटाने हाती घ्यायला सर्वांत अवघड प्रकार. ‘द एज ऑफ डेकॅडन्स’ या गेमचं काम २००४ च्या सुमारास सुरू झालं आणि पूर्ण व्हायला २०१५ उजाडलं. रोमसारखं एक साम्राज्य कोसळल्यानंतरची ती कथा व्यापारी होऊन, तलवार न उपसता पुरी करता येते. गेम उत्तमच आहे. पण अकरा वर्षं! एवढ्या काळात माणसांची लग्नं होतात, मुलं शाळेत जातात. अर्ध्यावर सोडलेल्या अशा गेमची संख्या पुऱ्या झालेल्यांपेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि लोकांनी आगाऊ दिलेले पैसे त्यांच्यासोबत बुडाले आहेत. याचं कारण बहुतेक वेळा एकच: लहानपणी खेळलेल्या मोठ्या गेमएवढाच मोठा नकाशा करायची हौस. म्हणूनच ‘सिटिझन स्लीपर’ हा २०२२ चा गेम मी विद्यार्थ्यांना मुद्दाम खेळायला लावते. एक अंतराळस्थानक, रोज सकाळी जास्तीत जास्त पाच फासे, आणि शरीर झिजेल तसे तेही कमी होत जातात. कोणता फासा कुठल्या कामाला लावायचा एवढाच खेळ. रोजंदारीवर जगणाऱ्याचा दिवस कसा असतो, हे त्यातून हाडापर्यंत पोचतं.

आता आपल्याकडचं. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा देखणा गेम जगापुढे आणला. त्याआधी २०१७ मध्ये लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी काम सोडलं नाही. तो आरपीजी नाही, धावपळीचा आणि लढाईचा गेम आहे. पण इथे बसून हे करता येतं, हा विश्वास त्याने आमच्यासारख्यांना दिला.

मराठीतून गेम लिहायचा तर पहिली अडचण अक्षरांची होती. अनेक गेम-इंजिनांना, म्हणजे गेम ज्यांत घडवतात त्या सॉफ्टवेअरना, देवनागरी नीट जुळवता येत नसे. ‘कि’मधली वेलांटी क-च्या उजवीकडे जाऊन पडे, ‘स्वप्न’ लिहिलं की पाय मोडलेली सुटी अक्षरं दिसत. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये करत तशी अक्षरांची अदलाबदल करून आमच्या तिघांच्या गटाने दोन वर्षं काढली. मार्च २०२३ मध्ये गोडो या मोफत इंजिनाची चौथी आवृत्ती आली आणि तिच्यात जोडाक्षरं आपोआप नीट उमटू लागली. त्या संध्याकाळी पडद्यावर ‘ज्ञानेश्वर’ हे नाव अखंड दिसलं तेव्हा आम्ही तिघंही काही क्षण बोललो नाही.

ही अडचण दूर झाल्यावर भाषेने जे हातात ठेवलं त्याची मला कल्पना नव्हती. इंग्रजीत लिहिताना मान-अपमानासाठी मला वेगळं वाक्य रचावं लागे. मराठीत तो सर्वनामात आहे. आमच्या गेममध्ये एक गाव आहे, अकरा माणसं आणि नऊ दिवस. नवखी बाई शेजारणीला ‘मावशी’ म्हणते की ‘वहिनी’, यावरून तिला चुलीपाशी बोलावतात की उंबऱ्याबाहेर चहा मिळतो, हे ठरतं. ‘वहिनी’ म्हटलं तर त्या घरच्या पुरुषाशी भावाचं नातं जोडलं गेलं; मग त्याच्या भांडणात तिची बाजूही ठरली. एका शब्दाची निवड, आणि तलवारीच्या वारापेक्षा मोठा परिणाम. क्रियापदातलं स्त्री-पुरुष मला सुरुवातीला दुप्पट मजुरी वाटत होतं. पण ‘मी आले’ म्हणणारीला गाव जे ऐकवतं आणि ‘मी आलो’ म्हणणाऱ्याला जे ऐकवतं, ते मुळातच वेगळं असतं, आणि भाषा मला ते पहिल्या वाक्यातच लिहायला लावते.

हे लिहिण्यासाठी मला प्रोग्रामर कमी पडत नाहीत. संवाद लिहिणारी माणसं कमी पडतात. एका दिवाळी अंकात जितके चांगले संवाद सापडतात तितके मला वर्षभरात गेमच्या संहितांमध्ये दिसत नाहीत. म्हणून कथा लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे. ट्वाइन नावाचं एक मोफत साधन आहे. ते ब्राउझरमध्ये चालतं, त्यात देवनागरी नीट दिसते आणि सुरुवातीला कोडची एक ओळही लिहावी लागत नाही. एखाद्या सुट्टीत त्यात एक ओसरी मांडा, तिच्यावर एक माणूस बसवा, आणि समोर उभ्या असलेल्याला दोनच पर्याय द्या: ‘तू’ आणि ‘तुम्ही’. पुढे काय होतं ते लिहा आणि घरातल्या कुणालातरी खेळायला द्या.